उतिसंवर्धित केळी विषाणूमुक्त कशी होते?

प्रश्न : आम्ही उतिसंवर्धित ग्रँड नैन केळीची रोपे लावली. दोन महिन्यांतच काही झाडांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले आणि तो हरण्या हा विषाणूजन्य रोग असल्याचे समजले. प्रयोगशाळेतली रोपे विषाणूमुक्त नसतात का?
– एक वाचक, रावेर, जि. जळगाव

उत्तर : केवळ उतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चर), म्हणजे झाडाच्या उतीचा तुकडा प्रयोगशाळेत बाटलीत वाढवून रोपे तयार केल्याने, विषाणू जात नाही. बाटलीतील निर्जंतुक वातावरणात बुरशी व जिवाणूंना दूर ठेवता येते, पण विषाणू पेशींच्या आतच राहत असल्याने मातृकंद बाधित असेल तर त्यापासून वाढवलेल्या शेकडो रोपांत तो जसाच्या तसा उतरू शकतो. म्हणून मातृवृक्षाची निवड आणि तपासणी हाच या कामाचा पाया आहे.

उत्तम वाणाचे निरोगी झाड मिळत नसेल, तेव्हा शुद्धीकरण करावे लागते. शेंड्याच्या अगदी टोकावरील वर्धी उतीत (सतत वाढणाऱ्या पेशींच्या समूहात) विषाणू ज्यांतून पसरतो त्या वाहिन्या तयार झालेल्या नसतात आणि तेथील पेशी विषाणूला प्रतिकारही करतात. त्यामुळे मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कापून वाढवला, तर निरोगी रोप मिळण्याची शक्यता असते. तुकडा जितका लहान तितकी शुद्धतेची आशा अधिक, पण तो जगण्याची शक्यता कमी. हरण्याचा विषाणू, म्हणजे कुकुंबर मोझॅक, या टोकापर्यंतही पोहोचू शकतो. म्हणून उष्णता उपचार किंवा द्रवरूप नायट्रोजनमधील अतिशीत उपचार यांची जोड दिली जाते. यानंतरही प्रत्येक रोपमालिका (एका तुकड्यापासून वाढवलेली रोपे) विषाणू ओळखणाऱ्या एलायझा किंवा पीसीआर चाचणीत निर्दोष ठरल्याशिवाय तिला विषाणूमुक्त म्हणणे योग्य नाही. केळीच्या स्ट्रीक विषाणूचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण ‘बी’ जनुकसंच (रानकेळीच्या एका जातीकडून आलेला) असलेल्या काही वाणांत त्याचा अंश झाडाच्या गुणसूत्रातच असतो आणि तो या उपायांनी निघत नाही. ग्रँड नैनमध्ये ‘बी’ संच नसल्याने आपल्याला ही चिंता नाही.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 मध्ये उतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. रोपे घेताना त्या व्यवस्थेचे प्रमाणपत्र अवश्य मागावे. शेतकऱ्याचा वर्षभराचा खर्च त्या रोपावर अवलंबून असतो, त्यामुळे हा आग्रह धरण्यात संकोच नको.

आपल्या शेतातील बाधा मात्र रोपांतूनच आली, असे लक्षणांवरून ठरवता येणार नाही. शुद्ध रोपालाही रोगप्रतिकारशक्ती मिळालेली नसते आणि हा विषाणू मावा किडीमार्फत काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो व तणांवरून केळीवर येतो. बाधित झाडे कंदासह उपटून नष्ट करावीत, मावा आटोक्यात ठेवावा आणि बागेत अथवा बांधालगत काकडी, भोपळा, मिरची लावू नये.