दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा जाताना

मालवणला पहिल्यांदाच जात असाल, तर आरक्षणाआधी पंचांग पाहा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे साधारण दुपारी बाराला ओहोटी, आणि खडकांतल्या डबक्यांमधले जीव पाहायला ओहोटीचीच वेळ उत्तम. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही प्रवाळ आहेत. पाण्यात उतरल्यावर दमलात तरी त्यांच्यावर पाय टेकू नका, कारण दगडासारखी दिसणारी ती इवल्या जीवांची वसाहत जिवंत असते.

मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावरील (जांभ्या खडकाच्या सपाट माळावरील) कातळशिल्पांसाठी, म्हणजे खडकात कोरलेल्या चित्रांसाठी मात्र गवत वाळल्यानंतरचे दिवस निवडा आणि सकाळी लवकर पोहोचा. तिरप्या उन्हात जांभ्यावरच्या उथळ रेषांच्या कडेला सावली धरते आणि एरवी नजरेतून निसटणारी आकृती स्पष्ट उमटते. भर दुपारी गेलेली माणसे त्याच चित्रावरून चालत जाताना मी पाहिली आहेत आणि फार वाईट वाटले आहे. फोटो उठून दिसावा म्हणून रेषांत खडू भरू नका. वाट दाखवायला गावातलाच जाणकार सोबत घ्या.