जुनी हायब्रिड घेताना बॅटरीची जाळी आधी बघा

वापरलेल्या आलिशान हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विद्युत मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या, एसयूव्हींविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातली शंका थोड्याफार फरकाने जवळजवळ प्रत्येक पत्रात होती.

प्रश्न : नऊ वर्षे वापरलेली लेक्सस आरएक्स ४५०एच मला मिळते आहे. रनिंग एक लाख दहा हजार किलोमीटर असून एकाच मालकाने ती वापरली आहे. गाडी मनात भरली आहे, पण घरातील सर्वांचे म्हणणे असे, की बॅटरी गेली तर गाडीच्या किमतीएवढा खर्च अंगावर येईल. काय करावे?

उत्तर : गाडी नीट तपासून घेणार असाल तर अवश्य घ्या. घरच्यांची काळजी रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी केंद्रित झाली आहे असे मला वाटते.

या गाडीची मुख्य बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची, २८८ व्होल्टची असून मागच्या सीटखाली बसवलेली असते. गाडीतील संगणक तिला कधीच पूर्ण भरू देत नाही आणि कधीच पूर्ण रिकामी होऊ देत नाही, त्यामुळे मोबाइलच्या बॅटरीवर रोज येतो तसा ताण तिच्यावर येत नाही. आलिशान एसयूव्हीमध्ये हायब्रिड यंत्रणा आणण्याची सुरुवात लेक्ससने २००५ साली आरएक्स ४००एच बाजारात आणून केली आणि २००९ साली तिच्या जागी ४५०एच आली; म्हणजे तुम्ही जी यंत्रणा घेणार आहात तिला वापरातून तावून सुलाखून निघण्यास पुरेसा काळ मिळाला आहे. तिच्या गिअरबॉक्सला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, एरवी बहुधा पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) म्हणतात म्हणून पट्टा तुटण्याची भीती कोणी घातली तर ती मनातून काढून टाका. त्यात पट्टा नाही आणि क्लचही नाही. दोन विद्युत मोटरी आणि ग्रहमालेसारखी एकमेकांभोवती फिरणारी दातेरी चक्रे एवढ्यावरच ती चालते. नेहमीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर हे दोन्ही भाग या गाडीत नसल्यामुळे ते बिघडण्याचा प्रश्नही उरत नाही. मात्र याची दुसरी बाजू अशी, की इंजिन फिरवण्याचे काम मुख्य बॅटरीवर चालणारी मोटरच करते, म्हणून ती बॅटरी पूर्ण बसली तर गाडी जागची हलत नाही.

या बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता हा आहे. तिला थंड ठेवण्यासाठी एक पंखा असतो आणि तो प्रवासी बसतात तेथलीच हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत ओढतो. मी स्वतः पहिली वापरलेली हायब्रिड एसयूव्ही घेतली तेव्हा तिच्या सर्व्हिस बुकात एकही शिक्का चुकलेला नव्हता. घाट चढून आल्यावर मागच्या सीटखालून सतत घरघर ऐकू येऊ लागली, म्हणून एके दिवशी मी गुडघ्यांवर बसून त्या जाळीत टॉर्चचा उजेड पाडून पाहिले. आधीच्या मालकाकडे कुत्रा होता. त्याचे केस आणि धूळ यांचा करड्या रंगाचा, नमद्यासारखा घट्ट थर जाळीवर बसला होता आणि नखाने कडेला उचलताच तो अख्खा एका तुकड्यात निघून आला. पुढे पंखा उतरवला तेव्हा त्याच्या प्रत्येक पात्याच्या कडेवरही तशीच झालर होती. इतकी वर्षे नियमित शिक्के मारणाऱ्या गॅरेजमध्ये कोणी एकदाही तेथे पाहिले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते, कारण हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते न केल्यास बॅटरीचे आयुष्य खरोखरच घटते. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याच्या आधी मागचे दार उघडा आणि ती जाळी पाहा. आधीच्या मालकाने गाडी कशी सांभाळली हे त्या हातभर जागेत जितके स्पष्ट दिसते तितके चकचकीत रंगावरून दिसत नाही.

त्यानंतर गाडी किमान पाऊण तास चालवून पाहा आणि ती इंजिन पूर्ण थंड असतानाच हाती घ्या. विक्रेत्याने तुम्ही येण्याच्या आधी इंजिन गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. चालवताना बॅटरीच्या मीटरकडे लक्ष ठेवा. चढावर तो हळूहळू उतरणे आणि उतारावर भरणे हे स्वाभाविक आहे, परंतु काही मिनिटांत तो भरलेल्या स्थितीतून तळाला जाऊन पुन्हा तितक्याच वेगाने वर येत असेल, तर बॅटरीची साठवणक्षमता कमी झाली आहे असे समजावे. याहून खात्रीची तपासणी स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राने, होते. बॅटरीतील सेल गटागटांनी जोडलेले असतात आणि प्रत्येक गटाचा व्होल्टेज स्कॅनरवर वेगळा दिसतो. जोरात पिकअप घेतल्यावर सर्व गटांचे आकडे साधारण सारखेच खाली यायला हवेत. एकच गट इतरांच्या खूप खाली जात असेल तर दुखणे तेथे आहे. पी०ए८० (P0A80) हा दोषाचा कोड हायब्रिड बॅटरी बदलण्याची सूचना देतो, पण कोड विकण्याच्या आदल्या दिवशी पुसताही येतो. म्हणून मेकॅनिकला गाडीच्या स्वयंतपासण्या पूर्ण झालेल्या दिसतात का, हे अवश्य पाहायला सांगा. त्या अपूर्ण दिसल्या, तर कोड नुकतेच पुसले असण्याची किंवा बारा व्होल्टची छोटी बॅटरी नुकतीच काढली असण्याची शक्यता असते, आणि दोन्हींबद्दल विक्रेत्याला विचारणे तुमच्या हक्काचे आहे.

आता खर्चाकडे येऊ. बॅटरी बदलण्याचा खर्च मोठा असला तरी तो आधी विचारून ठेवता येतो, आणि जो आकडा माहीत आहे तो किमतीच्या बोलणीत वापरताही येतो. जुन्या आलिशान गाडीचा मालक खरा अडचणीत येतो तो त्याने ज्यांचा विचारच केलेला नसतो अशा भागांमुळे : एअर सस्पेन्शनचे फुगे, वळणाबरोबर वळणारे हेडलाइट, आपोआप उघडणाऱ्या डिकीची मोटर, सीटमधील पंखे, कॅमेरे, काचेच्या छताच्या तुंबलेल्या नळ्यांतून झिरपणारे पाणी. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, सुट्या भागांची उतरत नाही, आणि नऊ वर्षांच्या गाडीचा हेडलाइटही नव्या गाडीच्याच भावाने घ्यावा लागतो. तुम्ही पाहिलेल्या गाडीतील प्रत्येक बटण एकदा दाबून पाहा, प्रत्येक सीट मागे-पुढे करा, आणि हे करताना संकोच बाळगू नका.

प्रश्न : साधी हायब्रिड घ्यावी की व्होल्वो एक्ससी९० टी८ सारखी प्लग-इन (बाहेरून विजेला जोडून चार्ज करायची) हायब्रिड, याबाबत आमच्या घरात दोन तट पडले आहेत. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही. प्लग-इन गाड्या मात्र तुलनेने स्वस्तात मिळत आहेत.

उत्तर : चार्जिंगची सोय नसेल तर प्लग-इन घेऊ नका. जी बॅटरी रोज भरली जाणार नाही तिचे ओझे तुम्ही रोज वाहाल. एक्ससी९० टी८ मध्ये दोन लिटरचे इंजिन पुढची चाके चालवते आणि मागची चाके केवळ विद्युत मोटर चालवते. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या मधल्या प्रोपेलर शाफ्टची गरजच नसल्यामुळे त्या जागेत बॅटरी बसवली आहे. रचना सुंदर आहे, पण ती रोज रात्री चार्ज होणाऱ्या गाडीसाठी आखलेली आहे. बॅटरी संपलेली असताना सव्वादोन टनांहून जड गाडी ओढण्याचा भार प्रामुख्याने त्या दोन लिटर इंजिनवर पडतो आणि पेट्रोलचा हिशेब पार बदलतो.

तरीही पुढेमागे सोय होणार असेल आणि मन तेथेच अडकले असेल, तर चार्जिंगची केबल मागून घ्या आणि ती हातात घेऊन पाहा. केबल कारखान्यातून आली तशी प्लॅस्टिकच्या वेष्टनातच असेल, तर गाडी सर्व काळ इंजिनावरच पळवलेली आहे हे उघड आहे, आणि मग किलोमीटरच्या मानाने इंजिन अधिक झिजलेले असणार. याउलट गाडी बहुतेक वेळ विजेवरच चालली असेल तर इंजिन फार थोडा वेळ चालू होऊन पूर्ण तापण्याआधीच बंद पडलेले असते. अशा इंजिनातील ऑइलमध्ये पाण्याचा अंश आणि न जळलेले पेट्रोल उतरते, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकट साय धरते, म्हणून त्याचे ऑइल किलोमीटर न मोजता वर्ष मोजून बदलावे लागते. बॅटरी तुमच्यासमोर पूर्ण चार्ज करायला सांगा, त्यानंतर केवळ विजेवर गाडी किती अंतर जाते ते चालवूनच पाहा, आणि बॅटरीच्या क्षमतेचा अहवालही मागा. यापैकी एकाही गोष्टीला विक्रेता नकार देत असेल तर ती गाडी सोडून द्यावी.

प्रश्न : सात वर्षांची हायब्रिड एसयूव्ही नुकतीच घेतली. सकाळी दार उघडताच पुढून काही क्षण घूंऽ असा आवाज येतो आणि पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात. गॅरेजमध्ये सांगितले की पॅड अजून पुष्कळ शिल्लक आहेत. मग खरखर कशाची?

उत्तर : पहिला आवाज दोषाचा नाही. अनेक हायब्रिड गाड्यांत ब्रेकचा दाब एका विद्युत पंपाने तयार होतो आणि चालकाचे दार उघडताच तो पंप दाब भरून ठेवतो. मात्र गाडी उभी असताना पेडल एक-दोनदा दाबले की लगेच पंप पुन्हा सुरू होत असेल, तर दाब टिकत नाही असा त्याचा अर्थ होतो. तो भाग महाग आहे, आणि प्रश्न ब्रेकचा असल्यामुळे तो लांबणीवर टाकू नका.

खरखर गंजाची आहे. हायब्रिडमध्ये वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करते आणि ती वीज बॅटरीत परत जाते, त्यामुळे पॅड आणि डिस्क यांना काम फार थोडे मिळते. पॅड टिकतात, पण डिस्कवर गंज धरतो आणि पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जागीच जाम होतात. पॅड शिल्लक आहेत म्हणून ब्रेक उत्तम आहेत असे समजणे येथे चुकीचे ठरते. वर्षातून एकदा चाके उतरवून पिना साफ करून त्यांना योग्य ते ग्रीस लावून घ्या, आणि आठवड्यातून एकदा मागेपुढे कोणी नसलेल्या रस्त्यावर दोन-तीन वेळा ठामपणे ब्रेक लावा. ब्रेक ऑइल बदलताना यातील बऱ्याच गाड्यांना स्कॅनर जोडूनच हवा काढावी लागते, तेव्हा ज्याच्याकडे तो आहे त्याच्याकडेच हे काम द्यावे.

प्रश्न : दोन महिने परगावी होतो. परत आल्यावर गाडी उघडेना. मोठी बॅटरी गेली का?

उत्तर : बहुधा नाही. संगणक जागे करणे आणि मोठ्या बॅटरीचा मार्ग जोडणे ही कामे बारा व्होल्टची छोटी बॅटरी करते, आणि उभ्या गाडीत प्रथम तीच उतरते. किल्लीच्या आत लपवलेल्या धातूच्या किल्लीने दार उघडा आणि छोटी बॅटरी चार्ज करून पाहा. काही मॉडेलमध्ये ती डिकीत असते. तेथे बाहेर वायू सोडण्याची नळी जोडलेली विशेष बॅटरीच लागते, साधी बसवू नये. पुन्हा दीर्घकाळ गाडी उभी राहणार असेल तर छोट्या बॅटरीला चार्ज राखणारा चार्जर लावून ठेवा, आणि घरातील कोणाला तरी अधूनमधून गाडी अर्धा तास चालवून आणायला सांगा, म्हणजे मोठ्या बॅटरीचीही काळजी घेतली जाईल. जाग्यावरच चालू ठेवायची असेल तर गिअर पार्कमध्ये असू द्या. न्यूट्रलमध्ये टोयोटा आणि लेक्ससच्या हायब्रिड गाड्यांची मोठी बॅटरी चार्ज होत नाही.

प्रश्न : २००६ सालची आरएक्स ४००एच फार कमी किमतीत मिळते आहे. विक्रेता सांगतो, की बॅटरी दोन वर्षांपूर्वी बदलली आहे आणि एसीचा गॅसही नुकताच भरला आहे. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : या दोन्ही गोष्टींची कागदोपत्री खात्री करून घ्या. बॅटरी बदलली याचा अर्थ अख्खी नवी बसवली असा होतो, किंवा खराब झालेले एक-दोन मॉड्यूल (सेलचे गट) काढून त्यांच्या जागी दुसऱ्या जुन्या बॅटरीतील घातले असाही होतो. या गाडीच्या बॅटरीत अशी ३० मॉड्यूल आहेत. त्यातील एक बदलले तरी उरलेली एकोणतीस त्याच वयाची राहतात आणि काही महिन्यांनी पुढचे एखादे मान टाकते. नवी बॅटरी असेल तर बिलावर तसे स्पष्ट लिहिलेले असते.

एसीचा गॅस कोणी भरला हेही विचारा. या गाडीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही, तो उच्च व्होल्टेजच्या विजेवर चालतो, म्हणून त्याला विद्युतरोधक असे वेगळे ऑइल लागते. साध्या गाड्यांचे ऑइल त्यात गेले तर वीज गाडीच्या धातूच्या सांगाड्याकडे झिरपू लागते आणि गाडी दोष दाखवून बंद पडू शकते. ही चूक फार सहज होते आणि निस्तरायला फार खर्च येतो.

तिसरी गोष्ट विक्रेत्याने सांगितलेली नाही. २००६ आणि २००७ सालच्या आरएक्स ४००एच गाड्या २०११ साली अमेरिकेत इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या भागाच्या) दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या होत्या, कारण त्यातील ट्रान्झिस्टरचे सोल्डरिंग अपुरे असल्याने ते अति तापून गाडी चालता चालता बंद पडण्याचा धोका होता. चासी क्रमांक देऊन ते काम या गाडीवर लागू होते का आणि झाले आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येते. इन्व्हर्टरला थंड ठेवणारे कूलंट इंजिनाच्या कूलंटहून वेगळ्या मार्गाने फिरते, आणि केवळ इंजिनाचे बदलून गाडी परत देण्याचा प्रकार गॅरेजमध्ये सर्रास घडतो. तेव्हा हे दुसरे कूलंट शेवटचे केव्हा बदलले तेही विचारा. बॅटरीचे बिल मिळाले नाही, तर बॅटरी २००६ सालचीच आहे असे धरून भाव करा.