तळघराचा कोबा फोडण्याआधी

भाऊ, तुमची अडचण थोडक्यात अशी. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी घर बांधताना घरचा शेतमाल ठेवायला तळघर काढलं. ठेकेदाराला ४ लाख ७० हजार दिले, ३० हजार बाकी. पहिल्याच पावसाळ्यात कोब्याला ओल सुटली, सोयाबीनच्या पोत्यांना बुरशी लागली. ठेकेदार म्हणतो, काळ्या मातीत हे होणारच, माझे पैसे टाका. तुम्ही कोबा फोडून नवा करायला निघालात.

कृपा करून आत्ता फोडू नका. तुमचा पुरावा त्या कोब्याखालीच आहे. ठेक्याच्या स्टॅम्पपेपरवर मुरूम, त्यावर गिट्टीचा थर, मग प्लास्टिकचा कागद असं लिहिलेलं आहे. काळी माती पाणी धरून ठेवते आणि ते काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. गिट्टी आणि कागद ते अडवायलाच असतात. माती काळी आहे हे ठेकेदाराला काम घेतानाच दिसत होतं.

उद्या तो म्हणेल, ही पावसाळी हवेची ओल आहे. म्हणून दीड फूट चौकोनी प्लास्टिक कोब्यावर चारही बाजूंनी टेपने चिकटवा, एक दिवस राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या खालच्या अंगाला धरले तर ओल जमिनीतून येते. वरच्या अंगाला धरले तर हवेतली. दोन पंच ठेवा, फोटो काढा. नंतर ठेकेदाराला स्पीड पोस्टाने तारीख कळवून इंजिनिअरकडून कोब्याचा गोल तुकडा कापून घ्या, खाली ठरलेले थर आहेत का ते बघायला सांगा आणि लेखी अहवाल मागा. ठेकेदार आला नाही तरी कळवल्याची पावती कामी येते. त्याच पत्रात ३० हजार का थांबवले तेही लिहा.

घरबांधणी ही ग्राहक कायद्याखाली 'सेवा' आहे. सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ सालीच तसं सांगितलं. तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही. रेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठी असलेल्या कायद्याच्या, फंदात पडू नका, स्वतःच्या जागेवर ठेक्याने बांधलेल्या घराला तो लागत नाही. मुदत २ वर्षांची, आणि ओल पहिल्यांदा दिसली तिथून धरा. 'दिवाळीनंतर करून देतो' या तोंडी शब्दावर ती थांबत नाही. बरेच जण इथेच फसतात.

पोती मात्र आजच वर काढा. टाळता येण्यासारखं नुकसान तुम्ही होऊ दिलं तर त्याची भरपाई मिळत नाही. खराब माल कमी भावात गेला, तर बाजार समितीतली हिशोबपट्टी जपून ठेवा.