नागपूरहून जाऊन डोंगरातल्या जंगलात, तळ्याकाठी दोन दिवस साधेपणाने कुठे राहता येईल?

रिसॉर्ट नको, टीव्ही नको, पाण्याजवळ साधी खोली हवी आणि सोबत आईबाबा व दोन लहान मुलं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी नागपूरचाच. माझं उत्तर नवेगावबांध, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातला डोंगरांमधला तलाव. जमलं तर दोन रात्रींसाठी जा. पहिली संध्याकाळ सामान लावण्यात, जेवणाचं सांगण्यात आणि मुलांची भीती घालवण्यात जाते. तलाव खरा भेटतो तो दुसऱ्या दिवशी.

पुष्कळजण तुम्हाला नागझिरा सुचवतील. तिथलं तळं सुंदरच आहे. पण ते अभयारण्याच्या आत आहे. तिथे पायी हिंडता येत नाही, सगळं गाडीत बसून पाहायचं. मुलांना पाण्याच्या कडेने चालू द्यायचं असेल, आईबाबांना सकाळी शाल पांघरून निवांत बसायचं असेल, तर नवेगावच बरं. दोन्ही जंगलं 2013 पासून एकाच व्याघ्र प्रकल्पात आहेत, तेव्हा सफारीची हौस इथेही भागते. मात्र वाघाचा हट्ट धरून जाऊ नका. चार तास जिप्सीत धूळ खाऊन मुलं कंटाळतात आणि समोरचं पाणी पाहायचं राहून जातं.

हे पाणी कुठून आलं ते मुलांना जरूर सांगा. चहूकडे डोंगर पाहून तळं निसर्गानेच केलंय असं वाटतं, पण ते माणसांनी बांधलंय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली वाट बांध घालून अडवली, असं सांगतात. या कामाला सभोवतालच्या सात शिखरांवरच्या सातबहिणींनी हात लावला अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि कोलू पाटील पुढे कोलासूर देव म्हणून पुजले गेले. भंडारा-गोंदियात धानासाठी शेकडो तलाव खोदले गेले, त्यातले कितीतरी याच कोहळी समाजाचे. कुठलं इंजिनिअरिंग कॉलेज नसताना उतार, माती आणि पाण्याचा दाब ओळखून बांधलेली ती पाळ आजही पाणी धरून आहे. पाळीवर उभं राहिलं की मला दरवेळी त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून याच भागात काम केलं आणि इथल्या मासेमार ढिवरांकडून, गोंडांकडून पाखरांची नावं शिकून घेतली. तुम्हीही तेच करा. तिथल्या माणसाला सोबत घ्या, त्याला पैसे द्या आणि तो दाखवेल तिकडे बघा.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत बाहेरदेशीची बदकं उतरलेली असतात. वारकरी, अडई, पाणकावळे, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी हे पाणपक्षी मुलांनाही सहज ओळखता येतात. दुर्बीण मिळाली तर उत्तम. अंधार पडला की टिटवी आणि रातवा पक्षी ओरडायला लागतात, मधूनच सांबराचा एकच ठसठशीत आवाज येतो. मुलं घाबरली तर बाहेर आणून कोण ओरडलं ते सांगा, मग तीच जागत बसतात. मार्चअखेरीस मोह गळायला लागला की अस्वलं फुलांसाठी येतात, तेव्हा पहाटे मोहाखाली फिरायचं नाही.

आता आईबाबांचं. गोंदियाकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी नागपूरपेक्षा बोचते. घरची रजई गाडीत टाका, खोलीतल्या पांघरुणावर भिस्त ठेवू नका. स्वच्छतागृह खोलीला लागून आहे का हे आरक्षणाच्या वेळीच विचारा. वीज जाते हे गृहीत धरून टॉर्च जवळ ठेवा, नेहमीची औषधं घरूनच न्या.

आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. जमिनीवर गादी घालून झोपू नका, कितीही मजा वाटली तरी. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, झोपलेल्याला कळत नाही. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, सकाळी बूट झटकून घाला. रात्री खोलीबाहेर पाऊल टाकायचं ते टॉर्च लावूनच. 2018 साली विदर्भात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती. तो गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होतो. म्हणून पावसाळा सरता सरता गवतात उघड्या पायांनी बसू नका. परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आधी सांगा.

रस्ता सोपा आहे. भंडारा, लाखनी, साकोली करत कोहमाऱ्याला महामार्ग सोडायचा आणि अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला लागायचं. साधारण तीन तास धरा. सकाळी लवकर निघालात तर दुपारचं जेवण तिथेच होईल. तलावाजवळ वनखात्याची राहण्याची सोय आहे, पण शनिवार-रविवार आणि नाताळच्या सुट्टीत गर्दी उसळते आणि स्पीकरही वाजतात. मुलांची शाळा एक-दोन दिवस बुडाली तरी चालेल, मधल्या वारी जा. जेवणात मासे हवेत की नकोत हे पोहोचल्या पोहोचल्या सांगून ठेवा, ऐनवेळी काही मिळत नाही.