माया अवशेष बघायला गटाने क्रूझ बुक केली आहे. ऑक्टोबरात चक्रीवादळ आलं तर काय होतं?

तुमचा वीस जणांचा गट पुण्याहून येणार, मायामीहून जहाज पकडणार, मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावर उतरून तुळूम, म्हणजे समोरच्या मुख्य भूमीवरचं प्राचीन माया लोकांचं शहर, बघणार. मध्येच वादळ आलं तर सहलीचं आणि पैशांचं काय, असा तुमचा प्रश्न आहे. आम्ही हे जुलै २०२४ मध्ये अनुभवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ह्यूस्टनची आम्ही सात मराठी कुटुंबं, भारतातून आलेले आईवडील धरून एकतीस जण. ३० जूनला, रविवारी, जवळच्या गॅल्व्हस्टन बंदरातून निघालो. होंडुरासचं रोआतान बेट, बेलीझ आणि शेवटी शुक्रवारी ५ जुलैला कोसुमेल, असा बेत होता. पैसे गोळा करणं, गाड्या ठरवणं सगळं माझ्याकडे. निघण्याच्या दोन दिवस आधीच बेरिल वादळाला नाव मिळालं होतं. सोमवारी रात्री ते पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीत गेलं. नोंदी ठेवायला लागल्यापासून अटलांटिकमध्ये वर्षात इतक्या लवकर कुठलंच वादळ त्या श्रेणीला पोचलं नव्हतं. आणि ५ जुलैच्या सकाळी ते थेट तुळूमजवळ किनाऱ्याला धडकलं. आम्ही तिथे असणार होतो तोच दिवस.

जिवाची काळजी करू नका. जहाज सहसा वादळापेक्षा वेगाने पळतं आणि कप्तान चार-पाच दिवस आधीच वाट बदलतो. जातं ते अवशेष बघणं. तिकिटाच्या करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की बंदरं बदलायचा किंवा गाळायचा अधिकार जहाजाचा आहे. चुकलेल्या बंदराचे कर परत मिळतात, जहाजाकडून घेतलेली सहल रद्द झाली तर तिचेही पैसे खात्यावर येतात. बाकी काही नाही.

आमचं जहाज मंगळवारीच दुपारी कोसुमेलला लागलं, तेही जेमतेम पाच तास. पुढची दोन्ही बंदरं रद्द. मी स्वस्त पडतं म्हणून तुळूमची सहल बाहेरच्या एका कंपनीकडून घेतली होती. त्यांची अट होती, ‘जहाज बंदराला लागलं नाही तर पूर्ण परतावा’. जहाज तर लागलं होतं, फक्त तीन दिवस आधी! आगाऊ भरलेली रक्कम बुडाली. सगळ्यांनी समजून घेतलं, पण दुसऱ्यांचे पैसे आपल्या हातून गेले की रात्री झोप लागत नाही. तुम्ही बुक कराल तेव्हा ‘दिवस किंवा वेळ बदलली तरी परतावा’ असं लिहून घ्या, नाहीतर सरळ जहाजाकडूनच सहल घ्या.

विम्याचं आजच बघा. वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला प्रवास विमा त्या वादळासाठी चालत नाही. आईवडिलांसाठी आपण जो व्हिजिटर विमा काढतो तो आजारपणाचा असतो, सहल बुडाल्याचे पैसे त्यातून सहसा मिळत नाहीत. आमच्यातल्या तिघांना हे जहाजावर कळलं.

त्या पाच तासांत आम्ही कोसुमेल बेटावरचंच सान हेर्वासिओ बघितलं. आम्ही बघितलेल्या सहलींच्या याद्यांत याचा उल्लेख नव्हता. जंगलातली चुनखडीची पांढरी वाट, बुटकी देवळं, दगडांवर ऊन खात पडलेले इग्वाना सरडे. ही इश्चेल देवीची जागा, बाळंतपणाची देवी; मुख्य भूमीवरून माया बायका होड्यांनी समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला यायच्या. एका छोट्या वास्तूच्या भिंतीवर लाल हातांचे ठसे आहेत, आकाराने लहान, आता फिकट झालेले. आई तिथेच थांबली. आमच्या गावच्या घरात दाराशेजारी हळदीच्या हातांचे ठसे आहेत, आजीने उमटवलेले. आई काही बोलली नाही, नुसता आपला तळवा हवेत त्या ठशासमोर धरून उभी राहिली. म्हणून सांगतो, तुळूम हुकलं तर काय बघायचं हे आधीच ठरवून ठेवा. कोसुमेलहून तुळूमला जायला फेरीबोट आणि पुन्हा बस लागते, सान हेर्वासिओला टॅक्सी पुरते.

आता तुमच्या ऑक्टोबराबद्दल. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा जोर. २००५ च्या ऑक्टोबरात विल्मा वादळ कोसुमेल आणि जवळच्या कांकून शहरावर एक दिवसाहून जास्त ठाण मांडून बसलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन वादळ युकातानच्या, म्हणजे याच भागातल्या द्वीपकल्पाच्या, उत्तर किनाऱ्याजवळून फ्लोरिडाकडे गेलं. परतीचं विमान जहाज लागेल त्याच दिवशीचं ठेवू नका, निदान दोन दिवस मध्ये सोडा. आम्ही रविवारी परतलो आणि सोमवारी पहाटे तेच बेरिल टेक्सासला येऊन थडकलं. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. त्या दिवशी विमान असतं तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुठे गेलो असतो, कोण जाणे.

आणि गटातल्या लोकांना खरोखर माया संस्कृतीसाठीच यायचं असेल, तर क्रूझ सोडा. जानेवारी-फेब्रुवारीत विमानाने कांकून गाठा, वायादोलिद गावात मुक्काम करा. तिथून चिचेन इत्सा हे मोठं माया शहर पाऊण तासावर आहे. सकाळी आठला दार उघडतं, तेव्हा दाराशी हजर राहा. जहाजावरून येणाऱ्या बसेस पोचायला तेव्हा बराच वेळ असतो.