कचरा परत नेणारे आणि टाकून जाणारे

प्रश्न: जंगल बघायला आलेले काही लोक स्वतःहून कचरा परत नेतात, काहींना दंडाची पाटी दाखवली तरी फरक पडत नाही. असं का?

उत्तर: माहिती कमी पडते असं नाही हो, कळतं सगळ्यांनाच. खरा जोर येतो तो जागेचा लळा लागला की, शिवाय बाकीचे काय करतायत ते आपण बघतच असतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या दगड झालेल्या प्राचीन लाकडाच्या राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी पाट्यांचा प्रयोग केला, 'आधीच्या खूप लोकांनी इथलं लाकूड नेलं' असं लिहिलं तेव्हा प्रयोगासाठी मुद्दाम ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास 8 टक्के चोरीला गेले, आणि 'कृपया नेऊ नका' म्हटलं तेव्हा 2 टक्क्यांहून कमी! म्हणजे 'सगळेच घाण करतात' असं ओरडणं चक्क उलटं पडतं. त्यापेक्षा काय करायचं नाही ते सरळ सांगा, आणि गाइडने आधी स्वतः रॅपर उचलावं.