छोटा कॅमेरा घेताय? आधी धुळीचं बघा

मोठा डीएसएलआर कपाटात ठेवून रोजच्या वापराला खिशात मावणारा कॅमेरा घ्यावा का, हा प्रश्न आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर सारखा येतोय. लातूर, परभणी, बीड, हिंगोली. गाव बदलतं, गोंधळ तोच. म्हणून अलीकडे आलेले काही प्रश्न इथे एकत्र घेतो.

प्रश्न : लग्नाच्या ऑर्डरी आता मुलगा बघतो. माझ्याकडे कॅनन ५डी मार्क फोर, २४-७० आणि ७०-२०० आहे. उजवा खांदा सारखा दुखतो. छोटा कॅमेरा घेतला तर आराम पडेल का? (लातूर)

आधी हाडांच्या डॉक्टरांना खांदा दाखवा. कॅमेरा बदलणं हा खांद्याचा इलाज नव्हे. वजनाचा हिशेब तेवढा सांगतो. बॅटरी आणि कार्डासह तुमची बॉडी ८९० ग्रॅम. एफ २.८ च्या (एफ हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) दुसऱ्या आवृत्तीच्या लेन्स असतील तर २४-७० ची ८०५ आणि ७०-२०० ची १४९० ग्रॅम. बॅग, चार्जर, फ्लॅश न धरता तीन किलोच्या वर गेलो. सोनीचा आरएक्स१०० मार्क सेव्हन ३०२ ग्रॅमचा आहे, रिकोचा जीआर थ्री २५७ ग्रॅमचा. फरक मोठा आहे, पण छोट्याला पकड नसते, तो चिमटीत धरावा लागतो आणि काहींचा अंगठा अन् मनगट दुखायला लागतं. दुकानात जाऊन पंधरा मिनिटं हातात धरून बघा, मगच ठरवा.

प्रश्न : मुलगी म्हणते, चांगला मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला? (जालना)

दिवसाउजेडी काढलेले फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर मुलीचं बरोबर आहे. पैसे वाचवा.

प्रश्न : ‘एक इंची सेन्सर’ म्हणजे माझ्या फुल फ्रेमच्या जवळपासच ना? दुकानदार तसं म्हणाला. (परभणी)

नाही. सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप, आणि हा एक इंच पट्टीवरचा नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ते नाव चालत आलं. प्रत्यक्षात हा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. तुमचा फुल फ्रेम ३६ बाय २४ चा, म्हणजे क्षेत्रफळात सातपटीहून मोठा. छोट्यावर एफ २.८ लिहिलेलं असलं तरी मागचं धूसर करण्याच्या बाबतीत तो तुमच्या मोठ्यावरच्या एफ ८ सारखा वागतो. पोर्ट्रेटची तुम्हाला आवड असेल तर इथेच निराशा होते. जीआर किंवा फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेत एपीएस-सी सेन्सर आहे, सुमारे २३.५ बाय १५.६ चा. तो बराच बरा, पण त्यांना झूम नाही. जीआर थ्रीला २८ मिलिमीटरची नजर, एक्स१०० ला ३५ ची. तुमच्या झूमला २८ किंवा ३५ वर चिकटपट्टी लावा आणि एक महिना तेवढ्यावरच फोटो काढा. करमलं तर घ्या.

प्रश्न : अजिंठ्याला फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही. छोट्या कॅमेऱ्याने चित्रं येतील का? (छत्रपती संभाजीनगर)

येतील, स्थिरीकरण असलेला कॅमेरा असेल तर. चित्र हलत नाही, हलतो तो आपला हात, आणि तेवढंच स्थिरीकरण सांभाळतं. श्वास रोखून एक दशांश सेकंदापर्यंत जाता येतं. जीआर थ्री आणि एक्स१००-सिक्समध्ये ही सोय आहे, आधीच्या एक्स१००-व्ही मध्ये नाही. जुना मिळतोय म्हणून घेताना हे तपासा. फ्लॅश मात्र मेन्यूत जाऊन बंदच करून ठेवा. चुकूनही उडायला नको, तो रंग पुन्हा कुणी भरून देणार नाही.

प्रश्न : कीर्तनात शटरचा आवाज होईल का? (पैठण)

‘बीप’ बंद केलात तर शेजारच्यालाही जेमतेम ऐकू येईल.

प्रश्न : ऑनलाइन ‘६४ मेगापिक्सेल, १६ पट झूम’ कॅमेरा फार स्वस्त दिसतोय. दुसरा एक विक्रेता नामांकित कंपनीचा ‘इम्पोर्टेड पीस’ बिलाशिवाय देतो म्हणतो. कोणता घेऊ? (बीड)

दोन्ही नको. पहिल्यात सेन्सर नखाएवढाही नसतो, मेगापिक्सेलचा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो, आणि ‘१६ पट’ हा डिजिटल झूम, म्हणजे फोटो कापून मोठा करणं. खोक्यावर ‘ऑप्टिकल’ हा शब्द शोधा, नसेल तर विषय संपला. दुसऱ्या प्रकाराने मी वैतागलो आहे. दर महिन्याला कुणीतरी असा कॅमेरा घेऊन येतं आणि अधिकृत सेवा केंद्र तो वॉरंटीत घेत नाही म्हणून हताश होतं. ‘दुकानाची वॉरंटी’ आणि ‘कंपनीची भारतातली वॉरंटी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे देण्याआधी पक्कं बिल बघा. त्यावर जीएसटी आणि कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर हवा, आणि तो नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळायला हवा. शंका आली तर कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा.

प्रश्न : माळेगावच्या यात्रेत छोटा कॅमेरा दोन दिवस वापरला. आता आकाशाच्या फोटोत ठरावीक जागी करडे ठिपके येतात. यूट्यूबवर व्हॅक्यूम क्लीनर लेन्सला लावून धूळ ओढायला सांगतात. करू का? (नांदेड)

करू नका. आणि ज्यांनी अजून कॅमेरा घेतलेला नाही त्यांनी हे उत्तर दोनदा वाचावं.

बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स चालू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते. नळी बाहेर येताना आतली जागा वाढते आणि फटींतून हवा ओढली जाते. सायकलच्या पंपाचा दांडा वर ओढल्यावर होतं तसंच. त्या हवेबरोबर जे उडत असेल ते आत जातं. खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, खाली हजारो पायांची माती. हळद इतकी बारीक असते की ती कुठल्याही फटीतून शिरते. वसमत, हिंगोलीच्या हळद बाजारात काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जिनिंगमधली कापसाची तुसं, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, एप्रिल-मे मधल्या नांगरटीची काळी माती, हे सगळं आपल्याकडे वर्षभर हवेत असतंच.

मोठ्या कॅमेऱ्यात सेन्सरवर धूळ बसली तर लेन्स काढायची, हाताच्या ब्लोअरने दोन फुंका मारायच्या, बहुतेक वेळा काम होतं. छोट्यात लेन्स निघत नाही. सेन्सर लेन्सच्या मागे कोंडलेला असतो, त्यासाठी अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. त्याची मजुरी ऐकून लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात. विकणारा हे कधी सांगत नाही. कॅमेरा ‘लाइफस्टाइल’चा, म्हणे!

व्हॅक्यूमने काय होतं? कधी ठिपका हलतो, म्हणजे फक्त जागा बदलतो. सोबत लेन्स सरकवणाऱ्या बारीक दातेरी चाकांवर आणि पुढच्या झडपेच्या पात्यांवर ओढ बसते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात. पंक्चरवाल्याकडच्या हवेत पाणी आणि तेल असतं. तीही नको.

हे करा. सगळ्यात लहान अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र), म्हणजे एफ ११ किंवा १६, ठेवून निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोकस बिघडवून फोटो घ्या. ठिपके त्याच जागी दिसले तर धूळ सेन्सरवर आहे. जीआरसारख्यांत सेन्सर थरथरवून धूळ झाडायची सोय मेन्यूत असते, ती चालवून बघा. नाही गेली तर जाणकार तंत्रज्ञाला दाखवा आणि खर्चाचा आकडा लिहून घ्या. पुढच्या वेळी यात्रेत, मळणीत, कच्च्या रस्त्यावर मोठा सीलबंद कॅमेराच न्या. छोटाच न्यायचा असेल तर दर फोटोला चालू-बंद करू नका आणि बंद कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवा, खिशात नव्हे. खिशातला भुगा तर घरचाच असतो.

एक्स१००-व्ही आणि सिक्सला धूळ-पाण्यापासून संरक्षण आहे असं सांगतात, ते अर्धं खरं. पुढे अडॅप्टर रिंग आणि फिल्टर बसवल्यावरच ते पूर्ण होतं. जीआर थ्रीला धूळरोधक सील नाही. आपल्या भागात मी हा मुद्दा फोटोच्या दर्जाच्याही आधी विचारात घेतो.

प्रश्न : ‘लेन्स एरर’ येऊन तीन महिने झाले. बंद करून पुन्हा चालू केलं की कधी कधी चालतो. (परतूर)

तीन महिने का थांबलात? अडकलेल्या लेन्सला प्रत्येक वेळी मोटार जोर लावते आणि दाते झिजतात. आता एकदाही चालू करू नका. बॅटरी काढा आणि याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : जायकवाडीवर रोहित पक्षी टिपायला खिशातला कॅमेरा पुरेल? (गंगापूर)

नाही. लांब लेन्स विकू नका.

प्रश्न : मग जुनं सगळं विकून टाकू का? गिऱ्हाईक तयार आहे, घाई करतंय. (धाराशिव)

घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबवा. निदान एक पावसाळा आणि एक लग्नसराई दोन्ही कॅमेरे ठेवा. कोणता किती वेळा हातात आला ते कॅलेंडरवर टिपा. तोवर मोठा चामड्याच्या बॅगेत कोंडून ठेवू नका, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, महिन्यातून एकदा बाहेर काढून चालवा. विकायचाच झाला तर आधी शटर किती वेळा पडलंय ते तपासून घ्या. ५डी मार्क फोरचं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं असतं. तो आकडा कळल्याशिवाय भाव बोलू नका, आणि लेन्स आतून उजेडात धरून एखाद्या तंत्रज्ञाकडून बघून घ्या. बुरशी निघाली तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा.